मुंबईच्या पेठेत माल भरायला जाताना



रमजान जवळ आला की सांगली-मिरजेचे आपले लहान दुकानदार महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट काढतात व मुंबईहून माल भरून आणतात. मी वडिलांबरोबर पहिल्यांदा असाच गेलो, तेव्हा उतरायच्या स्टेशनला व्ही.टी. म्हणत. आज त्याला पस्तीस वर्षे होत आली. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून स्पष्ट लिहितो की मुंबईत सगळा माल स्वस्त मिळतो ही समजूत निम्मी खोटी आहे, आणि तिच्यापायी आपल्या नवख्या तरुणांचे भांडवल अडकून पडते.

माझ्या भाच्याचेच उदाहरण घ्या. घरच्यांकडून हातउसने पैसे घेऊन त्याने दुकान टाकले व पहिल्याच फेरीत मुंबईहून पॉपलीन आणि अस्तराचे ताके आणले. तो कपडा विणला होता इचलकरंजीच्या मागावर! आपल्यापासून तासाभराच्या गावचा माल रंगाईला बाहेर गेला, मुंबईच्या गाळ्यात पोचला, त्यावर दलाली, हमाली व ट्रान्सपोर्टचे भाडे चढले आणि तो सांगलीत परत आला. गांधीनगरच्या ठोक पेठेत तेच अस्तर मीटरमागे दोन रुपयांनी कमी होते. त्याला कुणी फसवले नव्हते. त्याने जाण्यापूर्वी चौकशी केली नव्हती, इतकेच.

मग मुंबईला जायचे कशासाठी? जे इचलकरंजी, गांधीनगर आणि पुण्याच्या रविवार पेठेत नाही त्यासाठी. गाडी सकाळी लवकर पोचते व पेठ उघडायला साडेदहा-अकरा होतात. मधल्या वेळात मी शेख मेमन स्ट्रीटच्या जामा मशिदीत जाऊन बसतो. ही मशीद १८०२ सालची असून तिच्या हौदाला झऱ्याचे पाणी आहे. तेथून मंगलदास मार्केट दोन पावलांवर आहे. लेडीज ड्रेस मटेरियलचे जेवढे प्रकार त्या अरुंद गल्ल्यांत एका दिवसात नजरेखालून जातात, तेवढे आपल्या भागात महिनाभर फिरूनही दिसणार नाहीत. शिवाय तेथे थोडाही माल देतात. दहा रंगांचे दोन-दोन ताके घेता येतात व लहान दुकानाला तेच सोसते. जवळचे मुळजी जेठा मार्केट ठोकाचे आहे. तेथे ज्याची उचल मोठी व पैसा रोख त्यालाच वटाव चांगला मिळतो. साड्यांचा बराच माल दोन्हीकडे सुरतेचा असतो, हे ध्यानात ठेवूनच भाव करावा.

शिंपी बांधवांनी लेस, बटणे, लटकन यांसाठी भुलेश्वर पाहावे. सुतार-फिटर मंडळींना हत्यारे व बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट, बॅगा-खेळण्यांसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट. रविवारी जाऊ नये, कापडाची पेठ बंद असते. चोर बाजार शुक्रवारी बंद. (जाता जाता एक सांगतो. आपण कापडासाठी मुंबईला जातो, पण सतारीसाठी मुंबईचा माणूस मिरजेला येतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले.)

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका गाळ्यात मरून रंगाचे बारा ताके पसंत केले. एका ताक्याचे टोक भिजवून पाहिले, रंग पक्का निघाला. दुकानात आल्यावर त्यातल्या पाच ताक्यांचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. गिऱ्हाइकांनी कपडे आणून समोर टाकले, मी पैसे परत केले. गाळेवाल्याकडे तक्रार घेऊन गेलो, तर माझ्याकडे कच्ची चिठ्ठी! त्याने ओळखच दाखवली नाही. पाच टक्के वाचवायला गेलो आणि पाच ताके बुडाले. तेव्हापासून प्रत्येक ताक्याचे टोक ओल्या रुमालावर घासतो, पन्हा स्वतःच्या टेपने मोजतो व जीएसटीचे पक्के बिल घेतल्याशिवाय गाठोडे बांधू देत नाही. भाव मात्र उर्दूत टिपतो. शेजारच्या गाळ्यात तो कुणाला वाचता येत नाही. उर्दू शाळेत शिकल्याचा पेठेत हा एवढाच फायदा झाला म्हणायचा!

हल्ली तरुण मंडळी म्हणतात, चाचा, फोटो मोबाईलवर येतात, जायचे कशाला? ज्याच्याकडचा माल एकदा हाताळला आहे त्याच्याकडून फोटोवर मागवायला हरकत नाही, मीही मागवतो. पण कापडाचा पोत आणि वजन फोटोत कळत नाही. नव्या गाळ्याशी पहिला सौदा समोर बसूनच करावा. तेथे जाणे-येणे, जेवण, हमाली, ट्रान्सपोर्ट हे सारे मीटरवर वाटून पाहावे. त्यानंतरही आपल्या भागातल्या भावापेक्षा चार पैसे सुटत असतील किंवा माल येथे मिळतच नसेल, तरच सौदा पक्का करावा.

भाचा आता वर्षातून दोनदाच मुंबईला जातो. सोमवारी रात्री निघतो व मंगळवारच्या रात्रीच्या गाडीने परततो. सोबत फक्त ड्रेस मटेरियल व लेस असते. पॉपलीनसाठी तो मोटारसायकलवरून इचलकरंजीला जातो.