डिशवॉशरची निगा : घराचे आणि पेढीचे कर्तव्य

माल दुकानाची पायरी उतरला आणि पैसा गल्ल्यात पडला म्हणजे व्यवहार पुरा झाला, असा एक जुना समज व्यापारात रूढ आहे. धान्य, कापड अथवा किराणा यांच्या बाबतीत तो बराचसा चालूनही जातो. परंतु यंत्राची गोष्ट निराळी आहे. यंत्र गिऱ्हाइकाच्या घरी पोचते त्या दिवशी व्यवहाराला केवळ आरंभ होतो. तो नफ्याचा ठरला की तोट्याचा, हे पुढील पाच-सात वर्षे ठरवितात. भांडी धुण्याचे यंत्र, ज्यास आता सर्वजण 'डिशवॉशर' याच नावाने ओळखतात, त्याविषयी हे विशेषच खरे आहे. आपल्या सभासदांपैकी काहीजण ते विकतात, आणि अनेकांच्या घरी ते येऊन बसले आहे. म्हणून विकणारा व वापरणारा या दोघांसही उद्देशून चार शब्द लिहावेत, असे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे : डिशवॉशर 'बिघडला' अशी जी ओरड होते, तीत पुष्कळदा यंत्र बिघडलेलेच नसते. पाणी, मीठ आणि जाळी या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झालेले असते. हे दुर्लक्ष घरात घडते खरे. पण त्याचे मूळ बहुधा दुकानात असते, कारण विकताना या तीन गोष्टी कोणी समजावून सांगितलेल्याच नसतात.

या यंत्राचा इतिहास येथे क्षणभर पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन या बाईंना २८ डिसेंबर १८८६ रोजी अशा यंत्राचे पेटंट मिळाले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. बाईंची कल्पना घरगुती भांड्यांसाठी होती. परंतु आरंभीची मोठी गिऱ्हाइके मिळाली ती हॉटेले व उपाहारगृहे. त्यातील मर्म ध्यानात घ्यावे. हॉटेलात यंत्रापाशी एक माणूस नेमलेला असतो. पाणी, साबण, सफाई ही त्याची जबाबदारी असते. घरात असा माणूस कोणीच नसतो. 'यंत्र घेतले, आता काळजी मिटली' असे म्हणून घर मोकळे होते. तेथेच पहिली चूक होते.

आपल्या देशात २०२० सालच्या टाळेबंदीत घरकामाची माणसे येईनाशी झाली, तेव्हा या यंत्राची मागणी एकाएकी वाढली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील वस्तु-सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अर्थात यंत्र अधिक घरांत जाणार, आणि ज्या घरांत ते पूर्वी कोणी पाहिलेले नाही अशा घरांत जाणार. म्हणूनच निगेचा प्रश्न आता नीट हाती घेतला पाहिजे.

प्रथम यंत्राचे कार्य समजून घ्यावे. पुष्कळांची समजूत अशी की, यंत्र पाण्याने काठोकाठ भरते आणि भांडी त्यात बुडतात. तसे नाही. तळाशी थोडेसेच पाणी येते. ते तापते, पंप ते वर ढकलतो, आणि फिरत्या फवाऱ्यांच्या बारीक छिद्रांतून ते भांड्यांवर जोराने आदळते. खाली पडलेले पाणी जाळीतून गाळून पुन्हा वर जाते. साऱ्या धुण्यास साधारण १० ते १५ लिटर पाणी लागते, ते यामुळेच. मात्र तेच पाणी फिरत असल्याने जाळी तुंबली की सारे कार्य मंदावते. भाताची शिते, मोहरी, कढीपत्ता, कोथिंबिरीच्या काड्या यांनी आपल्याकडे जाळी लवकर भरते. ती आठवड्यातून एकदा बाहेर काढून, जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने वाहत्या पाण्याखाली स्वच्छ करावी. दोन-तीन मिनिटांचे काम आहे.

ताटे यंत्रात ठेवण्यापूर्वी नळाखाली घासून-विसळून घेण्याची गरज नाही. खरकटे तेवढे काढून टाकावे. यंत्राच्या साबणात अन्नाचे डाग विरघळविणारी विकरे असतात. त्यांना काम करू द्यावे. आधी हाताने धुवायचे आणि मग यंत्राने, यात पाणी दुप्पट जाते आणि यंत्र घेतल्याचे सार्थक होत नाही.

आता पाण्याचा विचार करू. आपल्या भागात खरी मेख तेथेच आहे. हैदराबादेकडील खडकाळ भूमीतले बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. गोव्यातील जांभ्या दगडाच्या भूमीतले विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते. आणि एकाच शहरात नळाचे पाणी एक, टँकरचे दुसरे, बोअरचे तिसरे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे पाणी पिण्यास चालले तरी तापले की त्यातील चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार भांड्यांवर, फवाऱ्यांच्या छिद्रांत आणि पाणी तापविणाऱ्या भागावर थर धरतात.

यावर उपाय यंत्रातच केलेला असतो. बहुतेक यंत्रांच्या पोटात पाणी मृदू करणाऱ्या राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातील क्षार धरून ठेवतात. ते मणी पुन्हा ताजे करण्यासाठी मिठाचे पाणी लागते. मीठ घालायचे ते एवढ्यासाठी. भांडी मिठाने धुतली जात नाहीत. स्वयंपाकाचे बारीक मीठ येथे घालू नये. त्यात आयोडीन असते व मीठ मोकळे राहावे म्हणून मिसळलेली द्रव्ये असतात, त्यांनी हा भाग तुंबतो. डिशवॉशरचे म्हणून मिळणारे जाड, शुद्ध मीठच वापरावे. मीठ भरताना बाहेर सांडले तर लगेच एक धुणे चालवावे, नाही तर पोलादास गंज चढतो. आणि मिठाच्या कप्प्यात साबण चुकूनही पडू देऊ नये. त्याने पाणी मृदू करणारा भागच निकामी होतो.

एवढे करूनही एक काम उरते. आपले पाणी किती जड आहे हे यंत्रास सांगावे लागते. त्यासाठी यंत्रावर निरनिराळे टप्पे असतात. पाणी तपासण्याच्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात. त्यांवरून आकडा काढून पुस्तिकेप्रमाणे टप्पा लावावा. बसविणारा कारागीर हे न करताच निघून जातो, आणि महिन्याभराने गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणते, "शेठजी, तुमच्या यंत्राने माझे सारे पेले पांढरे केले!"

पेले पांढरे होण्याची कारणे दोन, आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. पेल्यावर थोडे व्हिनेगर चोळून पाहावे. पांढरेपणा गेला तर तो क्षारांचा थर होय. मीठ भरावे, टप्पा वाढवावा. न गेला तर काच झिजली आहे, असे समजावे. पाणी फार मृदू, साबण फार आणि ताप फार झाला म्हणजे असे होते. तो पेला आता सुधारणार नाही, पण साबण व ताप कमी करून बाकीचे वाचविता येतील.

अन्य तक्रारींचीही अशीच शहानिशा करता येते. कोणताही भाग हाताळण्यापूर्वी विजेचा प्लग काढावा, हे मात्र विसरू नये.

भांडी अस्वच्छ निघाली तर जाळी पाहावी, मग फवाऱ्यांची छिद्रे दातकोरणीने मोकळी करावीत, आणि एखादे उंच पातेले फवाऱ्यास अडत नाही ना, हे हाताने फिरवून पाहावे. पाणी आतच येत नसेल तर तोटी उघडी आहे का, आणि नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरली आहे का, हे तपासावे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी असेल तर दाबही मोजावा. १० मीटर उंचीस सुमारे १ बार दाब मिळतो. म्हणजे टाकी ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बारच असणार. पुस्तिकेत त्याहून अधिक दाब मागितला असेल तर यंत्रास दोष देऊन उपयोग नाही.

पाणी बाहेर जात नसेल तर निचऱ्याची नळी कोठे मुडपली आहे का, हे पाहावे. जाळीखाली पंपाच्या तोंडाशी काचेचा तुकडा अथवा दाणा अडकला असेल तर तो सांभाळून काढावा. दाराखालून फेस येत असेल तर बहुधा कोणीतरी साधा भांड्यांचा साबण घातलेला असतो. पाणी येत असेल तर दाराचे रबर पुसून तपासावे. वास येत असेल तर जाळी व रबर साफ करून, महिन्यातून एकदा रिकाम्या यंत्रात लिंबाचे फूल घालून गरम पाण्याचे धुणे चालवावे. लिंबाचे फूल अथवा व्हिनेगर यांच्याबरोबर ब्लीचिंगचे द्रव्य मात्र कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. एवढ्याने भागले नाही, किंवा विजेचा झटका जाणवला, तर मात्र स्वतः खटपट न करता जाणता कारागीरच बोलवावा.

कोणती भांडी घालू नयेत, हेही सांगितले पाहिजे. ॲल्युमिनियम काळे पडते. तांब्या-पितळेची झळाळी जाते. लोखंडी तवा गंजतो. पोळपाट-लाटणे फुगून तडकते. पोलादाची ताटे, वाट्या, पेले, पातेली यांसाठी मात्र हे यंत्र उत्तम आहे.

येथे एक आक्षेप येतो. कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतात, 'एवढी उस्तवार करायची तर हाताने घासलेले काय वाईट?' या म्हणण्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. ज्या घरात माणसे दोन आणि भांडी चार, तेथे यंत्राची गरजच नाही. दुकानदाराने तसे स्पष्ट सांगावे. परंतु ज्या घरात दोन्ही वेळा दहा पाने उठतात, तेथे आठवड्याच्या काही मिनिटांच्या निगेच्या बदल्यात रोजचा तासभर वाचतो. तो तास बहुधा घरातील स्त्रियांचा असतो. ज्यांचा वेळ वाचतो त्यांच्याच माथी निगा मारू नये. जाळी धुणे आणि मीठ भरणे ही कामे घरच्या पुरुषांनी व मुलांनी अंगावर घ्यावीत. तसेच भांडी घासणाऱ्या बाई अनेक वर्षे घरी येत असतील तर यंत्र आले म्हणून त्यांना एकाएकी काढू नये. कढई, तवा, तांब्या-पितळेची भांडी हातानेच घासायची आहेत. कामाची वाटणी नव्याने करता येते.

आता पेढीचे कर्तव्य. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्याच्या ८६ व्या कलमानुसार, मालाच्या योग्य वापराविषयी अथवा धोक्याविषयी उत्पादकाने दिलेल्या सूचना विक्रेत्याने गिऱ्हाइकास पोचविल्या नाहीत आणि त्यामुळेच हानी झाली, तर विक्रेताही जबाबदार ठरू शकतो. म्हणजे सूचना देणे हा आता केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही.

दुसरी बाब सुट्या भागांची. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून असा नियम आहे की, डिशवॉशरची एखादी जात बाजारात येणे बंद झाल्यावरही दाराची रबरे, फवारे, जाळ्या असे भाग १० वर्षे, आणि पंप, मोटार असे भाग निदान ७ वर्षे उत्पादकाने उपलब्ध ठेवावेत. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळ सुरू करून दुरुस्तीच्या हक्काकडे लक्ष वेधले. परंतु घाऊक खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती याहून मोठे बळ आहे. माल उचलण्यापूर्वी त्याने विचारावे : 'रबर, जाळी, पंप किती वर्षे द्याल? किती दिवसांत द्याल? लेखी द्याल काय?' जो उत्पादक उत्तर देत नाही त्याचा माल सूट अधिक मिळते म्हणून ठेवू नये. ती सूट आज आपल्या खतावणीत जमा दिसते. उद्या ती गिऱ्हाइकाच्या रोषात नावे पडते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विक्रेत्या सभासदाने मराठीत एका पानाचे निगापत्रक छापून घ्यावे. त्यात पाण्याचा जडपणा व लावलेला टप्पा, मीठ भरल्याच्या तारखा, जाळीच्या सफाईचा वार, आणि कारागिराचा पत्ता यांसाठी जागा असावी. यंत्र बसविताना ते घरच्या माणसांसमोर भरावे आणि यंत्राच्या शेजारी लावावे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील पाणी निरनिराळे असल्याने प्रत्येक गावच्या सभासदांनी आपापल्या पाण्याचा आकडा त्यात छापावा. हे काम संघाच्या स्थानिक शाखांनी मनावर घेतल्यास एका महिन्यात होण्याजोगे आहे. खर्च कागदाचा तेवढा. त्याबदली एक जरी यंत्र दोन वर्षे अधिक चालले, तरी एका कुटुंबाचा पैसा वाचला आणि एका पेढीचे नाव राहिले. व्यापाऱ्यास याहून निराळी जाहिरात नको.