डोळे खोल गेले म्हणजे ते पिल्लू झोपलेलं नाही!

काचेची टाकी, तळाशी कोरडी वाळू, वर दिवसभर जळणारा बल्ब आणि कोपऱ्यात डोळे मिटून पडलेलं काडेपेटीएवढं पिल्लू. शहरांतल्या प्राणिमित्र कार्यकर्त्यांच्या हाती स्टार कासवाची पिल्लं येतात ती अशाच घरांतून. "खूप झोपतं हो," असं घरचे कौतुकानं सांगतात. ते झोपलेलं नसतं, पाण्यावाचून सुकत असतं.

हे कासव पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आलं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. तरीही 'कासव घरात आलं की लक्ष्मी येते' म्हणत पिशवीतून पिल्लू आणणारे आहेतच. देवळातलं दगडी कासव पुजणाऱ्यांनी जिवंत कासवाचे हाल करावेत, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच भागातून वर्षभरात किमान ५५ हजार स्टार कासवं पकडली जातात, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं आहे. मार्च २०१९ मध्ये मनिला विमानतळावर बेवारस बॅगांत दीड हजारांहून अधिक कासवं सापडली, चिकटपट्टीत गुंडाळलेली. त्यांतही स्टार कासवं होती.

'रानातलं जनावर आहे, त्याला कसलं पाणी?' हा युक्तिवाद तर ऐकवतही नाही. कोरड्या माळावरचं पिल्लूसुद्धा झुडपाखालच्या ओलसर पाचोळ्यात दडून राहतं. बल्बखाली तो ओलावा कुठून मिळणार? आफ्रिकी कासवांच्या पिल्लांवर व्हिएन्नात झालेल्या अभ्यासात (२००३) कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर जास्त उंचवटे आले. त्यात आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा वाटा मोठा ठरला.

लक्षणं डोळ्यांदेखत असतात. डोळे खोल जातात, कातडी सैल पडून सुरकुतते, तोंडात चिकट लाळ दिसते, पिल्लू हातात हलकं लागतं, खाणं सोडतं. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग मऊ लगद्यासारखा न राहता खडूच्या चुऱ्यासारखा खरखरीत झाला, तर धोका वाढलाय असं समजा. पुढे मूत्राशयात खडे होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

असं पिल्लू दिसलं की आधी बल्ब दूर करा. पसरट ताटात कोमट पाणी घ्या, हनुवटीच्या खालपर्यंतच. पंधरा-वीस मिनिटं पिल्लू त्यात ठेवा आणि तिथून हलू नका. दमलेलं पिल्लू एवढ्याशा पाण्यातही बुडतं. ड्रॉपरनं तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. दूध तर नाहीच. नंतर अंग टिपून, ओलसर कापड घातलेल्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात सावलीला ठेवा. डोळे उघडत नसतील तर घरगुती उपाय थांबवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे तातडीनं न्या.

आणि कृपा करून विहिरीत, तळ्यात किंवा मंदिराच्या कुंडात सोडू नका! हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. पुण्य म्हणून लोक ते बुडवून मारतात आणि कार्यकर्त्यांना नंतर मेलेलं कासव बाहेर काढावं लागतं. जवळच्या टेकडीवर सोडणंही चूकच, घरातले रोग त्याच्याबरोबर रानात जातात.

महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे कळवा. फोनवर किंमत सांगणारा विक्रेता भेटला, तर सौदा न करता त्याचीही माहिती द्या. कार्यकर्ते रात्री-अपरात्री धावून जातात, यापुढेही जातील, पण नागरिकांनी वेळेवर कळवलं तरच. पिल्लू सोपवताना ते कधी आणलं, काय खायला दिलं, शेवटचं पाणी कधी प्यायलं आणि लघवी कधी झाली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. उपचार करणाऱ्याला पहिल्या तासातच ते लागतं.