बाजारगप्पा: तीन बाटल्या, तीन घरे

दिवाळीच्या अंकात चकलीची भाजणी सोडून वाइनची गोष्ट कसली, असे म्हणून काही वाचकांच्या भुवया वर चढतील. चढू देत. हल्ली घरटी एक तरी भाचा, पुतण्या किंवा जावई परदेशी असतो. तो दिवाळीला येतो आणि बॅगेतून फ्रान्सची तांबडी वाइन काढून टेबलावर ठेवतो. ज्याला घ्यायची नाही त्याने खुशाल घेऊ नये. पण बाटलीवरची चिठ्ठी वाचायला कोणाची हरकत नसावी. ती नीट वाचता आली, तर आपले पैसे कोणाच्या हाती पडले हे कळते, आणि शेतकऱ्याच्या संसाराची एक हकीकतही सापडते.

राजेरजवाड्यांच्या बाटल्यांशी आपल्याला कर्तव्य नाही. फ्रान्समधल्या दुकानात पाच ते बारा युरोंना मिळणारी बाटली आपण पाहू. ती तीन प्रकारच्या घरांतून येते: गावच्या सहकारी सोसायटीतून, घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवरून, नाहीतर खुद्द बागाईतदाराच्या तळघरातून. तुलना सरळ व्हावी म्हणून एकच मुलूख घेऊ: दक्षिणेकडचे रोन नदीचे खोरे. तिथल्या साध्या वाइनचे नाव ‘कोत द्यू रोन’. १९३७ पासून हे नाव कायद्याने राखलेले आहे. ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या जातीच्या द्राक्षांपासून केलेल्या मालालाच ते लावता येते. तांबड्या मालात मुख्य द्राक्ष ग्रनाश, जोडीला सिरा आणि मूर्वेद्र. नाव एक, नियम एक, द्राक्षेही तीच. मग तीन घरांच्या बाटल्यांत फरक का पडावा?

पहिले घर सहकाराचे. साखर कारखाना, सभासद आणि वजनकाटा हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. तिथे उसाच्या जागी द्राक्षे मनात आणा. दोन-चार एकरांच्या धन्याला दाबयंत्र, हौद आणि तळघर परवडत नाही. तो द्राक्षे सोसायटीत घालतो, सोसायटी वाइन करते, विकते आणि पैसे वाटते. लांगदोक प्रांतातल्या मारोसां गावच्या बागाईतदारांनी १९०१ साली अशी मंडळी काढली आणि पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-सोसायट्यांना थेट माल विकला. समाजवादी पुढारी जां जोरेस १९०५ मध्ये ते काम पाहायला मुद्दाम तिथे गेले होते.

ही कल्पना पसरली ती मात्र हलाखीतून. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेली मुळापासून खाल्ल्या. पुन्हा लावलेल्या बागा भरात आल्या, तोवर बाजारात साखर-पाणी घातलेला बनावट माल आणि अल्जीरियाची वाइन शिरली होती. भाव कोसळले. १९०७ साली मार्सलां आल्बेर या आर्जलिये गावच्या माणसाने चळवळ उभी केली. ९ जूनला माँपेलिये शहरात लाखो माणसे जमली. पुढे नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. आणि त्याच मुलुखातली पोरे असलेल्या सतराव्या पलटणीने बंड केले. आल्बेर पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटायला पॅरिसला गेला. क्लेमांसोंनी त्याला परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांना सांगून टाकली. बिचाऱ्याची आपल्याच लोकांत पत गेली. पण जून संपायच्या आत भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि नंतरच्या काळात गावोगाव सहकारी तळघरे उभी राहिली.

या घरचा दोष कोणता? पुष्कळ सोसायट्या द्राक्षांचे पैसे वजनावर आणि साखरेच्या प्रमाणावर देत आल्या. वजनाला पैसे मिळाले की वेल कमी, पण सरस द्राक्षे देईल अशी छाटणी कोण करतो? चांगल्या सोसायट्या बागेची प्रत पाहून पैसे देतात. ताँ-लेर्मिताज येथली १९३३ ची सोसायटी अशांपैकी नावाजलेली. तिची क्रोझ-एर्मिताज ही सिरा द्राक्षाची वाइन जाणते लोकही आवडीने घेतात. एकंदरीत सोसायटीची बाटली स्वस्त, मऊ, फळाच्या चवीची आणि लवकर पिण्याजोगी असते. पाच-सहा युरोंत याहून अधिक मागणे अन्याय आहे.

दुसरे घर व्यापाऱ्याचे. त्याला तिकडे ‘नेगोसियां’ म्हणतात. तो द्राक्षे किंवा तयार वाइन विकत घेतो, निरनिराळ्या गावांच्या मालाचे मिश्रण करतो आणि आपल्या नावाने विकतो. आपल्याला दलाल म्हटला की राग येतो, पण इथे थोडे थांबावे. गारपीट एका गावात होते, दहा गावांत होत नाही. म्हणून व्यापाऱ्याची बाटली दरवर्षी जवळजवळ सारखी लागते. आंप्युई येथली गिगाल पेढी १९४६ सालची. स्वतःच्या उंची बागा असूनही तिची साधी कोत द्यू रोन वाइन विकत घेतलेल्या मालाची असते. तीत सिरा द्राक्षाचा वाटा मोठा असल्याने ती गडद आणि किंचित मिरमिरीत लागते. चांगल्या व्यापाऱ्याची जीभ हेच त्याचे भांडवल. वाईट व्यापाऱ्याकडे मात्र नुसती चिठ्ठी देखणी असते.

तिसरे घर बागाईतदाराचे. द्राक्षे त्याची, हौद त्याचे, बाटलीही त्याचीच. अशा स्वतंत्र बागाईतदारांची संघटना १९७८ पासून आहे. खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाचे चित्र ही तिची खूण. इथे बहुधा आठ-दहा युरो मोजावे लागतात आणि चवीची हमी नसते. एक साल सुरेख, दुसरे जरा तुरट. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर कडक हिमतुषार पडले. अशा वर्षी व्यापारी दुसरीकडून माल घेऊ शकतो, याला आपल्या उजाड वेलींकडे पाहत बसावे लागते. पण साधले तर त्याच्या बाटलीला स्वतःचा चेहरा असतो.

चिठ्ठीवरच्या वाड्याच्या चित्राला मात्र भुलू नये. ‘शातो’ म्हणजे वाडा. पण ते नाव लावायला द्राक्षे त्या मळ्यातली लागतात, वाडा असलाच पाहिजे असे नाही. सभासदाच्या मळ्याची द्राक्षे वेगळी ठेवून सोसायटीसुद्धा शातोच्या नावाने बाटली भरू शकते. उलट १९३० साली निघालेल्या ‘मूतों कादे’ या बोर्दोच्या वाइनच्या नावात प्रसिद्ध मूतों मळा आहे, पण तिची द्राक्षे त्या मळ्यातली नसून इतर अनेक बागांतली असतात. म्हणून मोठी अक्षरे सोडून ‘मीझां बूतेय’, म्हणजे बाटली कोणी आणि कुठे भरली, ही बारीक ओळ वाचावी.

थोडा हिशेबही करू. पाच युरोंच्या बाटलीत वीस टक्क्यांच्या विक्रीकराचे त्र्याऐंशी सेंट जातात. काच, बूच, चिठ्ठी, खोके, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा उरलेल्यातून निघतो. हा खर्च बाटली स्वस्त असली म्हणून फारसा कमी होत नाही. म्हणजे पाचाऐवजी आठ युरो दिले, तर वाढलेल्या तीन युरोंतला बराच भाग वाइनच्या वाट्याला येऊ शकतो. काटकसरी गृहिणीला हा हिशेब समजावून सांगायला नको.

घरी दोन पथ्ये पाळावीत. ‘जुने ते सोने’ इथे लागू नाही. अशी साधी बाटली दोन-तीन वर्षांत संपवावी, स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवून तिचा काढा करू नये. आणि आपल्या उकाड्यात ती उघडण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

असो. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन खपे. आज खप त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०२४ मध्ये वेली कायमच्या उपटणाऱ्याला हेक्टरी चार हजार युरो देण्याची योजना सरकारने काढली. १९०७ साली ज्यांचे पणजोबा रस्त्यावर उतरले, त्यांच्यापैकी कित्येकांना आज आपल्या हातांनी बाग काढायची वेळ आली आहे. वेल लावल्यावर पहिले पीक यायला सुमारे तीन वर्षे लागतात, उपटायला एक सकाळ पुरते. तेव्हा जावईबापूंना पुढच्या खेपेसाठी एवढेच सांगून ठेवा: एक बाटली कमी आणा, पण जी आणाल ती करणाऱ्याचे नाव वाचून आणा.