हिशेबाची वही कोणाच्या भाषेत?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानातील कुलकर्णी वतने खालसा केली आणि पगारी तलाठी नेमले. त्यांत अस्पृश्य तरुणही होते. ज्याच्या नावावर बाकी निघे त्यालाच वही वाचता येत नसे. महाराजांनी घाव घातला तो या अंधारावर.

आज ते दप्तर संगणकात गेले आहे. बचत गटाचे कर्ज, शिष्यवृत्तीची यादी, नोकरभरतीची बिंदुनामावली, सारे काही स्प्रेडशीटच्या रकान्यांत मांडले जाते. लिब्रे ऑफिस हे २०१० पासून मोफत मिळणारे सॉफ्टवेअर मराठीतही वापरता येते. त्यातील कॅल्कमध्ये शेकडो फंक्शन्स आहेत. प्रत्येक फंक्शन काय करते हे सांगणारी एखादी ओळ असते आणि अशा ओळी स्वयंसेवक बिनमोबदला मराठीत आणतात. त्यांच्या कष्टाबद्दल आम्हाला आदर आहे. आमचा प्रश्न एवढाच की, ही मराठी कोणाची असावी?

'पीएमटी' या फंक्शनचे उदाहरण घ्या. 'स्थिर व्याजदराधारित वार्षिकीचे नियतकालिक प्रदान' असा अनुवाद कोणी केला तर तो कोशाला धरून असेल, पण वस्तीतल्या आमच्या भगिनीला त्याचा काय उपयोग? त्याऐवजी 'कर्जाचा दर वेळचा समान हप्ता काढते. हप्ता महिन्याचा असेल तर व्याजदरही महिन्याचाच द्या' असे लिहिले की काम झाले. मुद्दल, व्याज, हप्ता, बाकी हे शब्द बाजारात आहेतच. ते सोडून संस्कृतच्या दारात उभे राहण्याचे कारण काय?

हा शब्दांचा खेळ नाही, पैशांचा प्रश्न आहे. दहा हजारांचे कर्ज, महिना दोन टक्के व्याज, बारा हप्ते. शिल्लक रकमेवर व्याज धरले तर पीएमटी सांगते, हप्ता सुमारे ९४५ रुपये ६० पैसे. मूळ रकमेवरच वर्षभर व्याज लावणारा सावकार घेतो १,०३३ रुपये ३३ पैसे. दर दोघांचाही 'दोन टक्के'च! वर्षाकाठी हजारावर रुपयांचा हा फरक ज्या बाईला कळतो, तिला फसवणे सोपे नाही.

कोणी म्हणेल, आपल्या मुलांनी इंग्रजीच शिकावी. जरूर शिकावी, त्याबाबत आमच्या मनात शंका नाही. पण आज हप्ता भरणाऱ्या आईने मुलगी शिकून मोठी होईपर्यंत वाट पाहायची काय? रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ सालचा ग्रंथ बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिला. आपल्या माणसांशी बोलण्यासाठी मात्र १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला, आणि त्याला शाहू महाराजांनी मदत केली. दोन्ही भाषा त्यांनी आपल्या लोकांच्या कामाला लावल्या.

म्हणून शिवाजी विद्यापीठातील संगणक आणि मराठी या दोन्ही विभागांनी हे काम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. चळवळीतील संगणक शिकलेल्या तरुणांनीही त्यात उतरावे. अनुवादाची प्रत्येक ओळ बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवावी. तिथे कळली तर ठेवावी, नाही तर खोडावी. तलाठ्याचे दप्तर आपल्या हाती यायला राजाचा हुकूम लागला होता. या वहीला कोणाच्या हुकमाची गरज नाही. आपण बसून लिहायची तयारी मात्र हवी.