कपाटाला चाके लावण्यापूर्वी

सरकारी शाळांसाठी फिरत्या लॅपटॉप-प्रयोगशाळेची कल्पना मूलतः स्वागतार्ह आहे. स्वतंत्र खोली अडवून तिला कुलूप घालण्याऐवजी वीसेक लॅपटॉप चाकांच्या कपाटात ठेवावयाचे आणि तासागणिक ते एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यावयाचे, अशी ही योजना असते. साधन साऱ्या शाळेच्या सामाईक मालकीचे राहते, हे तिच्यातील समाजवादी तत्त्व होय. २०२३-२४ च्या यू-डायस अहवालानुसार देशातील सुमारे ४३ टक्के शाळांत संगणकच नव्हता. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्या मुलांची ही उणीव बाजार भरून काढणार नाही. ते काम सार्वजनिक शाळेचेच आहे.

परंतु यंत्रांची खरेदी म्हणजे नियोजन नव्हे. पेरू या देशाने २००८ पासून सरकारी शाळांतील मुलांना लक्षावधी लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष काढला की, गणित व भाषा या विषयांतील प्रगतीवर त्याचा परिणाम आढळला नाही. यंत्र मुलांच्या हाती पोहोचले, पण अध्यापनाच्या पद्धतीत ते सामावले गेले नाही. आपल्याकडील योजनाकारांनी हा धडा विसरता कामा नये.

म्हणून हिशेब वर्गापासून सुरू व्हावयास हवा. चाळीस मुलांच्या वर्गात दोघांना एक याप्रमाणे वीस लॅपटॉप पुरतात. पहिली ते आठवीच्या आठ वर्गांना आठवड्यातून दोन-दोन तासिका दिल्यास सोळा तासिका होतात, म्हणजे दिवसाला तीन-चार. तेवढ्यासाठी एकदा केलेले चार्जिंग बहुधा पुरते. मात्र ६५ वॉटचे वीस चार्जर एकाच वेळी लावल्यास १३०० वॉटचा भार पडतो. साध्या ५ अँपिअरच्या जोडणीला तो पेलत नाही. तेव्हा एकतर १५ अँपिअरची स्वतंत्र जोडणी हवी, नाहीतर दोन पाळ्यांत चार्जिंग करावे लागेल. ज्या शाळेला जिना वा उंच उंबरे आहेत, तिथे चाकांच्या कपाटापेक्षा उचलता येणाऱ्या दोन पेट्या अधिक उपयोगी.

खरा प्रश्न आवर्ती खर्चाचा आहे. भांडवली तरतुदीचे उद्घाटन होते, वीजबिलाचे होत नाही. लॅपटॉपचे आयुष्य पाच वर्षे धरले, तर किमतीचा पाचवा हिस्सा दरवर्षी घसारा म्हणून बाजूला काढला पाहिजे. त्यात वीज, बॅटऱ्या व दुरुस्ती मिळवावी लागेल. आधीच अशैक्षणिक कामांनी वाकलेल्या शिक्षकाच्या माथी या पेट्यांची राखण मारली, तर तो त्या कुलपातच ठेवील, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याला प्रशिक्षण हवे, तयारीचा वेळ हवा आणि यंत्र बिघडल्यास त्याची वैयक्तिक जबाबदारी धरली जाणार नाही, अशी लेखी हमी हवी.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम तिच्यावर सोपविले आहे. कार्यकर्त्यांनी या समित्यांतून लॅपटॉपची मागणी जरूर करावी. पण त्याच ठरावात वीजजोडणी, दुरुस्ती, घसारा आणि शिक्षकाचा वेळ यांची वार्षिक तरतूदही मागावी. ती नाकारून केवळ यंत्रे देणाऱ्या सरकारला, पाच वर्षांनी ही यंत्रे कोण बदलणार, हा प्रश्न भर सभेत विचारला गेला पाहिजे.