लग्नगड्यांची नवी भरती



सालवडच्या चाळींतून सध्या नवं खूळ शिरलंय. लग्न ठरलं की पहिला प्रश्न तारखेचा नाही, जागेचा. 'डेस्टिनेशन' कुठलं? पोरगा तारापूर एमआयडीसीत कंत्राटी, पोरगी बोईसरच्या दुकानात हिशेब लिहिते, आणि दोघांच्या मोबाइलवर पॅकेजं फिरताहेत. केळवं, अलिबाग, गोवा. आणि ऐपतीच्या पार पल्याड बाली नि फुकेत. निळा समुद्र, माडाखाली पांढरा मांडव, दोन रात्री-तीन दिवस, राहणं-खाणं-हळद-डीजे सगळं एकाच पैशात. त्याला नाव 'ऑल-इन्क्लुझिव्ह'. म्हणजे सगळं धरून.

या 'सगळं धरून'मध्ये काय काय धरलंय आणि कोण सुटलंय, त्याचा हिशेब आज मांडायचाय.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. साधेपणाचं कीर्तन करायला आम्ही बसलेलो नाही. ते प्रस्थापितांचं काम. त्यांच्या लग्नात हत्ती नाचला तर ती परंपरा, आमच्या लग्नात बेंजो वाजला तर उधळपट्टी! साधेपणा आमच्यावर हजार वर्षं लादला गेला. १९२८ साली इंदूरकडच्या सवर्णांनी बलाई जातीला फर्मान काढलं होतं : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही, आणि हिंदूंच्या लग्नात वरातीपुढं वाजवायचं मात्र तुम्हीच. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हे फर्मान छापून जगापुढं ठेवलं. म्हणाल, जुनी गोष्ट झाली. मग २०१८ आठवा. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित पोराला आपली वरात गावातून न्यायची होती. त्यासाठी तो हायकोर्टापर्यंत गेला. शेवटी पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात वरात निघाली. स्वतःच्या लग्नाला जायला बंदुकीचा पहारा!

म्हणून आमच्या पोरानं घोड्यावर बसावं, पोरीनं हवी ती साडी नेसावी, गल्ली दणाणावी. त्यात गुन्हा नाही, उलट ते झगडून मिळवलेलं आहे. झगडून मिळवलेला तो घोडा सावकाराकडून भाड्यानं आणायचा का, एवढाच आमचा सवाल आहे.

या मातीला हा सवाल नवा नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधी हा मुलूख ठाण्याचा. त्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत, इंग्रजांच्या राज्यात वारल्यांमध्ये एक शब्द होता : लग्नगडी. लग्नाला पैसा लागायचा. पोरीच्या घरी देज द्यायचं, तांदूळ-ताडी आणायची, नातलगांना जेवू घालायचं. पैसा होता जमीनदाराकडं. त्यानं थोडे रुपये हातावर ठेवले की नवरा त्याचा गडी झाला. नवरा एकटा नाही, नवरीसुद्धा. पोटाला जेमतेम भात आणि मरेपर्यंत राबणं. राबून व्याज फिटायचं नाही, मुद्दल तर लांबच. मालकाची नजर गड्याच्या बायकोवर गेली तर तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. एका दिवसाच्या आनंदाची किंमत दोन माणसांचा अख्खा जन्म.

१९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचा लाल बावटा घेऊन या पट्ट्यात आले. झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार करणार नाही असं ठरवलं. लग्नगडी मोकळे झाले. फुकट झाले नाहीत. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच आदिवासी मेले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये या लढ्याची सगळी हकीकत आहे, ज्यानं वाचलं नसेल त्यानं आधी वाचावं. देशभराचा वेठबिगारी निर्मूलन कायदा यायला १९७६ साल उजाडावं लागलं.

आता आजचं बघा. जमीनदाराचा वाडा गेला, हातात ॲप आलं. अंगठा पूर्वीही उठवायचा, आजही उठवायचा. समजा, लग्नासाठी चार लाखांचं पर्सनल लोन काढलं. वर्षाला चौदा टक्के, पाच वर्षं. हप्ता बसतो महिन्याला सुमारे ९,३०० रुपये. साठ हप्त्यांत परत जातात साडेपाच लाखांच्या वर. म्हणजे दीड लाखाहून जास्त नुसतं व्याज. तीन दिवसांचं लग्न, साठ महिन्यांची फेड. पोरगं बालवाडीत जाईल तरी आईबापाच्या हळदीचा हप्ता चालूच!

बँकेचं कर्ज आणि जमीनदाराची वेठ एकच आहे, असं आम्ही म्हणत नाही. तलवाड्याला जे मेले त्यांचा तो अपमान होईल. पण एक धागा तोच आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. आणि तारापूरच्या कामगाराला 'नाही' म्हणता येणं हा जिवाचा प्रश्न आहे. ११ जानेवारी २०२० ला इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं मेली. अशा कारखान्यात रात्रपाळीला व्हॉल्व्ह गळताना दिसला तर कामाला हात लावणार नाही, असं सुपरवायझरला सांगायला छाती लागते. युनियनचा फॉर्म भरायला छाती लागते. दहा तारखेला हप्ता कापला जाणार असेल तर ती छाती कुठनं आणायची? कंत्राटदाराला हे पुरतं ठाऊक असतं. हप्तेवाला कामगार त्याला फार आवडतो. तो गपगुमान राबतो.

आता हे पैसे भरतो कोण ते विचारा. हुंडा घेणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या चळवळीतली पोरं तर छाती फुगवून सांगतात, आम्ही एक पैसा घेणार नाही. शाब्बास! पण पुढचं वाक्य काय येतं? "आम्हाला काही नको. फक्त लग्न रिसॉर्टला करून द्या." झालं. पोरीचा बाप उठला आणि पतपेढीच्या दारात जाऊन बसला. दोस्ता, हा हुंडाच आहे. स्कूटर आणि अंगठीऐवजी समुद्र मागितलास, एवढाच फरक. पंचशील म्हणताना तुझा आवाज सगळ्यात मोठा, आणि सासऱ्याच्या कर्जाच्या वेळी तू मुका. चालणार नाही.

आणि 'सगळं धरून'मध्ये माणसं किती? रिसॉर्टला खोल्या चाळीस. एका खोलीत तिघं धरले तरी एकशेवीस. जेवणाचा दर ताटामागं, वर जीएसटी वेगळा. मग वही उघडते आणि नावं कापली जातात. पहिली कुणाची? दोन दिवसांचा रोज बुडवून येऊ न शकणाऱ्या चुलत्याची. नाक्यावर उभं राहणाऱ्या मावसभावाची. फ्लॅटमधल्या सोयऱ्यांपुढं जिचं लुगडं बरं दिसणार नाही त्या आत्याची. जिनं तुला न्हाऊमाखू घातलं त्या शेजारच्या वारली बाईची. तिच्या समाजात धवलेरी गायल्याशिवाय लग्न लागत नाही आणि सवाष्णींनी भिंतीवर पालघटाचा चौक लिहिल्याशिवाय घर लग्नघर होत नाही. आज रिसॉर्टच्या भिंतीवर तेच वारली चित्र सजावटीला आहे आणि चित्रवाली फाटकाबाहेर. तिच्या मनगटाला त्यांची रंगीत पट्टी नाही ना!

गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं, त्यांनी हौसेनं नवं गावकूस विकत घ्यायचं आणि आपलीच माणसं त्याच्या बाहेर ठेवायची? पैसे देऊन?

आता थोडं समुद्राबद्दल. हा धंदा युरोपात सुरू झाला. १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर 'क्लब मेड'नं तंबू ठोकले आणि एकदाच पैसे भरा, मग खिशात हात घालू नका, अशी सुट्टी विकली. पुढं तिथं दारूचे पैसेसुद्धा गळ्यातल्या मण्यांनी द्यायची रीत पडली. पैसा दिसेनासा केला की माणूस राबणाऱ्यालाही विसरतो, ही त्यातली गोम. आपल्याकडं २०२३ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये धनिकांना सांगितलं, परदेशात लग्नं करू नका, देशात करा. पुढच्याच वर्षी जामनगर-मुंबईचा तो अंबानी सोहळा सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिला. तो पाहूनच आपल्या चाळीत पॅकेजं शिरली.

पण सालवडकरांनो, आपणही किनाऱ्याचेच ना? आपल्या समुद्राचं काय झालं? १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढं तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी-पोफरण गावं उठली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सगळ्यात प्रदूषित निघालं. सांडपाण्यानं खाडीतली मासळी मेली म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादात जावं लागलं. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, कोळीवाडे विरोध करत असताना. म्हणजे एक किनारा लग्नाच्या फोटोसाठी आणि दुसरा केमिकलच्या पाण्यासाठी. आपला किनारा नासू द्यायचा आणि कर्ज काढून दुसऱ्याचा तीन दिवसांसाठी भाड्यानं घ्यायचा, याला अक्कल म्हणायचं का? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचा समुद्रतळ सरकारच्या मालकीचा, म्हणजे जनतेचा. कुठल्याही रिसॉर्टवाल्याच्या बापाचा नाही. समुद्राचा हक्क पाहिजे तर तो असा मागा.

जागेनं लग्नाची शान ठरते म्हणता? बाबासाहेबांचं पहिलं लग्न भायखळ्याच्या बाजारात लागलं, दिवसाचा बाजार उठल्यावर. बसायला बाजारातले दगडी ओटे, बाजूनं गटाराचं पाणी. ती गरिबी होती आणि बालविवाहाचा काळ होता. त्याची आरती ओवाळायची नाही. पण पुढं देशाचा कायदामंत्री झाल्यावर, कुठलाही महाल मिळाला असता तेव्हा, १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी दिल्लीत राहत्या घरी रजिस्टर लग्न केलं. त्याच्याही मागं जा. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न लागलं, भटावाचून. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू वराकडं स्त्रियांच्या हक्काची हमी मागते. आजच्या कुठल्या पॅकेजात हे कलम आहे, दाखवा.

मग करायचं काय? ऐका. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे : तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, झालं लग्न. जात मोडून करत असाल तर सरकारी प्रोत्साहन योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा, तो आपला हक्क आहे. मांडव वस्तीत घाला, विहारापुढं घाला. किनाऱ्याची हौस असेल तर चिंचणीला जा, केळव्याला जा, ग्रामपंचायत आणि पोलिसांची परवानगी काढा, रात्री दहाला स्पीकर बंद करा आणि सगळी वाडी घेऊन जा. आचारी एक, वाढपी आपण सगळे. खर्च नवरा-नवरीनं निम्मा निम्मा, हातात असेल तेवढाच. हिशेबाची वही मांडवात उघडी ठेवा. आणि मिरवा, जोरात मिरवा!

ज्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी कुणाचे देणेकरी नाहीत, ते लग्न थाटाचं. सोमवारी पाळीवर जाल तेव्हा गळक्या व्हॉल्व्हपुढं उभं राहून 'नाही' म्हणता आलं पाहिजे. तेवढी मोकळीक ज्या पॅकेजात धरलेली नाही, ते फाडून टाका.