तीन थर आणि एक भट्टी

गेल्या दिवाळीनंतर प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. मुक्काम एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गातल्या मैत्रिणीकडे. रात्री तिने छोटे काचेचे पेले मांडले आणि त्यात मद्याचे तीन थर रचले. तळाला कॉफीचं, मध्ये आयरिश क्रीम, वर संत्र्याचं. चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून ती सावकाश ओतत होती. "साखर जास्त ते जड, खाली बसतं. अल्कोहोल जास्त ते हलकं, वर तरंगतं. घाई केली की सगळं गढूळ." दिसत होतं छान, खोटं कशाला बोलू? मी घोटभर घेतलीही. (आमच्या दारूबंदीच्या कार्यकर्त्या रागावतील. रागावू देत.)

देगलूरला परतले, तर वस्तीतल्या एका बाईकडे छापा पडलेला. गूळ-नवसागराचं रसायन अंगणात ओतलेलं, डबे चेपलेले, ती उंबऱ्यावर बसलेली. "ताई, गूळ उधारीचा हाय. आता दुकानदाराला काय देऊ?" नवरा गेल्यापासून दोन लेकरं तिने या भट्टीवर वाढवली. नवरा गेला तोही दारूनेच. वकील शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

1949 चा दारूबंदी कायदा दोघींनाही लागू आहे. विनापरवाना पिणं हाही त्यात गुन्हाच, आणि त्या रात्री आम्हा चौघींपैकी एकीकडेही परवाना नव्हता. पण त्या फ्लॅटची बेल कोणी वाजवणार नव्हतं. तिथे तो छंद, पाहुणचार. गोव्यात काजूची फेणी भट्टीवरच निघते. तिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. परवाना हाती असला की भट्टीवाला उत्पादक होतो.

मी हातभट्टीची तरफदारी करत नाही. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, त्यात मिथेनॉल होतं. मागे राहिलेल्या बायकांचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. आणि संध्याकाळी मार खाऊन आलेल्या बाईच्या तोंडाला येणारा रक्ताचा वास मी विसरलेले नाही.

माझं भांडण आपल्याशीच आहे. बाटली आडवी करण्याचं मतदान आपण मोठ्या कष्टाने घडवून आणतो. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. मजुरीला गेलेल्या, माहेरी गेलेल्या बायकांना गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो. पण त्या मतदानाने बंद होतं ते परवान्याचं दुकान. भट्टीवालीला त्यात जागाच नाही. ती आपल्या सभेत येत नाही, आपणही तिला बोलवत नाही. ती शत्रूच्या बाजूची असं आपण धरून चालतो. शिवाय आमचं गाव सीमेवरचं. पलीकडे तेलंगणातलं मदनूर जवळच. दुकान बंद झालं की पिणारा एस.टी.त बसतो नाहीतर हिच्या दारात येतो.

म्हणून यंदा आमच्या बैठकीत मी एक मागणी मांडली: मतदानाचा अर्ज देण्याआधी भट्टी लावणाऱ्या बायकांशी बसायचं, त्यांचं कर्ज किती, दुसरं काय करता येईल ते लिहून काढायचं, आणि बचत गटाच्या पहिल्या कर्जात त्यांचा नंबर लावायचा. दोघी उठून गेल्या. एकजण म्हणाली, "उद्या दारूच्या दुकानदारालाही कर्ज द्याल." चर्चा तिथेच थांबली, पुढच्या बैठकीत पुन्हा घेणार आहोत.

त्या बाईला मी बैठकीला आणलं होतं. ती मागे दाराशी बसली. शेवटी हळूच म्हणाली, "बाटली आडवी झाली तर माझं गिऱ्हाईक वाढंल का कमी व्हईल, तेवढं सांगा."